वाचनालयाच्या सर्व्हरवर एटॉप (मशिनवर काय चालू होतं त्याच्या नोंदी ठेवणारं टूल) बसवलं: जून-जुलै २०२५ च्या नोंदी

१० जून २०२५, मंगळवार

दुपारी सव्वाबाराला ग्रंथपाल मॅडमचा फोन. "अहो, परत अडकलंय बघा, पंधरा मिनिटं झाली एक पुस्तक जमा होत नाहीये, दारापर्यंत रांग गेलीये." गेला आठवडाभर हे रोजचंच झालंय आणि रोज बाराच्या आसपासच. आज वटपौर्णिमा, पूजा आटोपून बऱ्याच जणी नेमक्या त्याच वेळेला पुस्तक बदलायला आलेल्या. शेवटी देवघेवच्या काकांनी वही काढली आणि सभासद क्रमांक, दाखल क्रमांक हाताने लिहून घेतले. ४३ नोंदी झाल्या, त्या संध्याकाळी दोघांनी बसून परत सिस्टीममध्ये टाकल्या.

उद्यापासून जे करेन ते इथे तारखेनिशी लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यानंतर कुणी हा सर्व्हर बघणार असेल तर त्याला पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही.

सध्याची मांडणी अशी. भाड्याचा व्हीपीएस (मोठ्या मशिनचा एक वाटा, स्वतंत्र सर्व्हरसारखा वापरायचा), २ सीपीयू, ४ जीबी रॅम, १६० जीबी डिस्क, डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार), वर कोहा. कोहा हे ग्रंथालयांचं मोफत सॉफ्टवेअर, न्यूझीलंडच्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टसाठी बनलं आणि २००० पासून चालू आहे, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आतमध्ये डेटाबेस मारियाडीबी, शोधासाठी झेब्रा, पुढे वेब पानं देणारं अपाची, आणि पर्ल भाषेतले काही वर्कर, म्हणजे मागे कामं करत राहणारे प्रोग्राम.

कार्यकारी मंडळाचं म्हणणं असं की जूनमध्ये शाळा सुरू होतायत, बालविभागात नवे सभासद वाढलेत, लोड वाढलाय, तर ८ जीबीचा प्लॅन घेऊन टाका. २२ तारखेच्या रविवारी बैठकीत ठराव येणार आहे. मी मॅडमना म्हटलं तोपर्यंत मला वेळ द्या. दर महिन्याला जादा जाणारा पैसा म्हणजे वर्षाला बालविभागाची बरीचशी पुस्तकं, आणि नक्की काय अडतंय हे बघितल्याशिवाय तो खर्च करणं मला पटत नाही.

११ जून, बुधवार

सकाळी लॉगिन करून आधी एचटॉप टाकलं, आत्ता कोणत्या प्रोसेस (चालू असलेले प्रोग्राम) किती काम करतायत ते दाखवणारं. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एचटॉप', अर्ध्या मिनिटाचं काम. साधं टॉप तर प्रत्येक लिनक्सवर असतंच, त्या नावाचं पहिलं टूल १९८४ मध्ये विल्यम लफेव्हरने लिहिलेलं, पण एचटॉपमध्ये रंगीत पट्ट्या दिसतात, बाणाने वर-खाली जाता येतं, एफ५ दाबलं की कोणत्या प्रोसेसमधून कोणती निघालीये ते झाडासारखं दिसतं. हे हिशाम मुहम्मद नावाच्या ब्राझिलियन प्रोग्रामरने २००४ मध्ये केलं आणि २०२० पासून बाकीची मंडळी मिळून सांभाळतायत.

सकाळी साडेनऊला सगळं शांत. रॅम २.१ जीबी वापरात, लोड (एका वेळी सरासरी किती प्रोसेस कामात किंवा रांगेत आहेत) ०.२. मेमरीच्या पट्टीचं एक सांगायला हवं, कारण हा गोंधळ नेहमी होतो. पट्टीतला हिरवा भाग म्हणजे प्रोग्रामनी खरंच घेतलेली मेमरी, पिवळा म्हणजे कॅश, म्हणजे डिस्कवरून वाचलेल्या फायली लिनक्सने जवळ ठेवलेल्या. पिवळा भाग मोठा दिसला म्हणून रॅम संपली असं नाही, गरज पडली की तो रिकामा होतो. 'फ्री' कमांडमध्ये 'अव्हेलेबल' नावाचा रकाना असतो, तोच बघायचा.

ऑफिसमध्ये मीटिंग होती त्यामुळे बाराला बसता आलं नाही. मीटिंग सुटली तेव्हा १२:२१, धावत येऊन एचटॉप उघडलं तर लोड ९.४ आणि दोन्ही सीपीयू मिळून काम जेमतेम निम्मं! मला आधी कळेचना. मग प्रोसेसच्या यादीत 'एस' नावाच्या रकान्यात बघितलं तर कोहाचे वर्कर, मारियाडीबीचे थ्रेड, सगळ्यांसमोर 'डी'. डी म्हणजे डिस्कची वाट बघत थांबलेली प्रोसेस. लिनक्समध्ये लोडच्या आकड्यात सीपीयूसाठी रांगेत असलेल्यांबरोबर हे डिस्कपाशी खोळंबलेलेही मोजले जातात, म्हणून सीपीयू निम्मा मोकळा आणि लोड ९ असं दिसू शकतं. पण डिस्क कोण अडवून बसलंय ते शोधेपर्यंत १२:२६ झाले आणि सगळं आपोआप सुटलं. यादी शांत. हातात काहीच उरलं नाही.

एचटॉप आत्ताचं दाखवतं, मघाचं नाही. मला मघाचं हवंय.

१२ जून, गुरुवार

रात्री बसून कोणतं टूल टाकायचं ते ठरवलं. नेटडेटा चांगलं आहे, ब्राउझरमध्ये सेकंदासेकंदाचे आलेख देतं, पण ते १९९९९ पोर्टवर वेब पान उघडतं, ते बाहेरून बंद करायचं, फायरवॉल बघायची, शिवाय ४ जीबीच्या मशिनवर अजून एक सतत चालणारं ओझं. ग्लान्सेस पायथॉनवर आहे, सुटसुटीत आहे, पण मला जे हवंय ते म्हणजे रात्री घरी बसून दुपारचं चित्र जसंच्या तसं मागे जाऊन बघणं, प्रोसेससकट. त्यासाठी एटॉप. गेर्लोफ लांगेवेल्ड या डच माणसाने लिहिलंय. कोणतंही पोर्ट उघडत नाही, ठरावीक वेळाने पूर्ण मशिनची नोंद फाइलमध्ये ठेवतं, आणि दुसरं महत्त्वाचं म्हणजे दोन नोंदींच्या मधे सुरू होऊन संपलेल्या प्रोसेसही दाखवतं, कारण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्रोसेस अकाउंटिंगमधून, म्हणजे संपलेल्या प्रोसेसच्या हिशोबातून, ती माहिती घेतं.

टाकण्याआधी एक गोष्ट तपासली. मार्च २०२५ च्या शेवटी एटॉपमध्ये सुरक्षेचं एक भोक सापडलं होतं, सीव्हीई-२०२५-३११६०. एटॉप चालू होताना त्याच मशिनवर ५९१२३ पोर्टवर ग्राफिक कार्डची माहिती देणारा जोडीदार प्रोग्राम आहे का ते बघायचं, आणि तिथे दुसऱ्याच कुणी आपला प्रोग्राम लावून वेडीवाकडी माहिती पाठवली तर एटॉप कोसळायचं किंवा त्याहून वाईट काही व्हायचं. २.११.१ मध्ये दुरुस्त झालं. आमच्या सर्व्हरवर लॉगिन दोनच आहेत, तरी वाचनालयाच्या सभासदांची माहिती आहे, हयगय नको. डेबियन १२ मध्ये आवृत्ती जुनीच, २.८.१, पण 'ॲप्ट चेंजलॉग एटॉप' मध्ये दुरुस्तीची नोंद दिसली, मगच टाकलं.

'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल एटॉप'. टाकल्या टाकल्या दोन सर्व्हिस सुरू होतात, एक नोंदी ठेवणारी, दुसरी अकाउंटिंगची. 'सिस्टीमसीटीएल स्टेटस' ने दोन्ही हिरव्या दिसल्या. फायली 'व्हार', त्यात 'लॉग', त्यात 'एटॉप' या फोल्डरमध्ये, रोज एक, नावात तारीख.

नुसतं 'एटॉप' लिहून उघडलं तर पहिल्या स्क्रीनवर जे दिसतं ते मशिन सुरू झाल्यापासूनचं एकत्रित असतं, आत्ताचं नाही. नवीन माणूस तिथेच फसतो. दहा सेकंद थांबायचं, मग खरे आकडे येतात.

१३ जून, शुक्रवार

आजही बाराला अडकलं. रात्री नऊला निवांत बसून 'एटॉप -आर' आणि आजची फाइल. 'बी' दाबून वेळ टाकली ११:५०, मग 'टी' दाबत पुढे पुढे. ११:५०, १२:००, १२:१०, १२:२०. सगळं शांत! डिस्क १ टक्का. मॅडमनी तर ११:५८ पासून १२:२५ पर्यंत अडकल्याचं वहीत लिहून ठेवलंय. मी दोनदा बघितलं, फाइल चुकली का तेही बघितलं. मग शेवटच्या नोंदीवर गेलो तर वरच्या ओळीत वेळ १५:३०, आणि माझ्या घड्याळात नऊ. साडेपाच तासांचा फरक.

सर्व्हर यूटीसीवर आहे, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. व्हीपीएसच्या तयार इमेज तशाच येतात, आणि लावताना कुणी बदललं नाही. इतके दिवस लक्षात न येण्याचं कारण असं की कोहाच्या कॉन्फिगमध्ये टाइमझोन वेगळा लिहिता येतो आणि तिथे एशिया/कोलकाता बरोबर लिहिलेलं होतं, त्यामुळे स्क्रीनवर, पावतीवर, सगळीकडे वेळ बरोबरच दिसायची.

म्हणजे आपले दुपारचे बारा हे सर्व्हरचे सकाळचे साडेसहा. तिथे गेलो आणि ०६:३० च्या नोंदीत 'डीएसके' ची, म्हणजे डिस्कची, ओळ लाल, ९८ टक्के. बरं, कमांडच्या आधी 'टीझेड' मध्ये एशिया/कोलकाता देऊन एटॉप चालवलं तर तीच फाइल आपल्या वेळेत दिसते, मनातल्या मनात साडेपाच तास मिळवत बसायची गरज नाही.

पण नोंदी दर दहा मिनिटांनी आहेत, ६०० सेकंद हे मुळातच ठरलेलं. दहा मिनिटांची सरासरी बघून नेमकं कधी सुरू झालं ते कळत नाही. 'ईटीसी', 'डिफॉल्ट', 'एटॉप' या फाइलमध्ये लॉगइंटरव्हल ६०० चं ६० केलं, जुन्या फायली २८ दिवस ठेवतं ते १४ केलं कारण डिस्क आधीच ८१ टक्के भरलीये, आणि सर्व्हिस रीस्टार्ट.

१४ जून, शनिवार

आज सुट्टी, पावणेबारापासून लॅपटॉप उघडून बसलो, मॅडम फोनवर. एका खिडकीत एटॉप पाच सेकंदांवर, दुसऱ्यात एचटॉप.

११:५५ ला 'मायएसक्यूएलडम्प' आणि 'जीझिप' वर आले. डेटाबेसचा रोजचा बॅकअप, जीझिप तो दाबून लहान करतं. दोनेक मिनिटं चालला, मॅडम म्हणाल्या थोडं हळू आहे पण चालतंय. ११:५८ ला तो गेला आणि 'टार' (फायलींचा एकच गठ्ठा करणारं) आलं, सोबत परत 'जीझिप'. जीझिप ९९ टक्के, म्हणजे एक अख्खा सीपीयू. (एटॉपमध्ये दोन सीपीयू असले की एकूण २०० टक्के धरतात, हे लक्षात ठेवायचं.) 'डीएसके' च्या ओळीत व्हीडीए (सर्व्हरच्या डिस्कचं नाव), बिझी १०० टक्के, वाचन २४ एमबी सेकंदाला, लिखाण तेवढंच. 'वेट', म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, ७० च्या वर. मॅडमच्या बाजूने, "गेलं. गोल फिरतंय नुसतं." आणि त्याच क्षणी माझ्या यादीत कोहाचा वर्कर डी मध्ये गेला. एक पुस्तक जमा करताना मारियाडीबीला ती नोंद डिस्कवर पक्की लिहावी लागते, आणि डिस्कच्या दारात टार उभा. प्रत्येक लिखाणाला लागणारा वेळ, 'एव्हीआयओ', एरवी १ मिलिसेकंदाच्या आत असतो तो ३८ मिलिसेकंद.

'स्टील' चा आकडाही मुद्दाम बघितला. व्हीपीएसवाल्याने एकाच मशिनवर फार गिऱ्हाईकं कोंबली असली तर तो वाढतो. शून्य ते १. मला आतून त्यांच्यावरच संशय होता, तो चुकीचा निघाला, त्यांचा दोष नाही.

'सी' दाबल्यावर पूर्ण कमांड दिसली. टार जे फोल्डर गुंडाळत होतं ते म्हणजे आपल्या जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. १२:२४ ला संपलं. पण शोध मात्र त्यानंतरही दोन-तीन मिनिटं जडच होता, तेव्हा वाटलं अजून काहीतरी आहे, तर तसं नाही. ३८ जीबी एका दमात वाचून काढलं की कॅशमध्ये बसलेल्या झेब्राच्या इंडेक्स फायली बाहेर ढकलल्या जातात, आणि पहिले काही शोध परत डिस्कवरून वाचावे लागतात.

१६ जून, सोमवार

सोमवारी वाचनालय बंद. हीच नोंद मला हवी होती. रात्री फाइल उघडली: ११:५८ ते १२:२४, डिस्क १०० टक्के, टार आणि जीझिप, आणि काउंटरवर एकही माणूस नाही. गर्दीचा, शाळांचा, नव्या सभासदांचा याच्याशी संबंध नाही. या स्क्रीनचे फोटो काढून मॅडमना पाठवले, बैठकीत दाखवायला.

मूळ सापडलं ते 'क्रॉन डेली' फोल्डरमध्ये. क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सर्व्हिस. डेबियनमध्ये त्या फोल्डरमधल्या सगळ्या स्क्रिप्ट रोज ६:२५ ला, नावांच्या वर्णक्रमाने एकापाठोपाठ एक चालतात. कोहाची स्वतःची स्क्रिप्ट आधी, म्हणजे डेटाबेसचा बॅकअप, मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या सूचना वगैरे, आणि तिच्यानंतर 'पीडीएफ-बॅकअप' नावाची, सर्व्हर लावून देणाऱ्याने तेव्हा ठेवलेली. ६:२५ सकाळचे, वाचनालय आठला उघडतं, हिशोब बरोबर होता. फक्त ते ६:२५ यूटीसीचे, म्हणजे आपले ११:५५.

मग जूनमध्येच का सुरू झालं? फेब्रुवारी ते मे आपण स्कॅनिंग केलं. आधी पीडीएफ ६ जीबी होत्या, चार मिनिटांत गुंडाळून व्हायच्या, चार मिनिटं अडकल्याची कुणी तक्रारही केली नाही. आता ३८ जीबी. एप्रिल-मेमध्ये त्रास हळूहळू वाढतच गेला असणार, पण तेव्हाच्या नोंदीच नाहीत, म्हणून नक्की सांगता येत नाही.

१७ जून, मंगळवार

मंडळाच्या बैठकीपर्यंत रोज रांग नको म्हणून आधी तात्पुरता उपाय करून बघितला, टारच्या आधी 'आयओनाइस' लावून त्याला सगळ्यात खालची पायरी दिली, म्हणजे दुसऱ्या कुणाला डिस्क नको असेल तेव्हाच यानं घ्यावी. काडीचा फरक पडला नाही. कारण शोधलं तर डिस्कचा शेड्युलर (कुणाचं काम आधी ते ठरवणारा) 'नन' आहे, व्हर्च्युअल डिस्कवर अनेकदा तसा असतो, आणि त्यात पायऱ्या बघणारं कुणी नसतंच, त्यामुळे कमांड बिनतक्रार चालते आणि करत काहीच नाही.

दुपारी चारला स्क्रिप्ट फोल्डरमधून बाहेर काढली.

१८ जून, बुधवार

आज ११:५५ ते १२:३०, पहिल्यांदाच न अडकता देवघेव झाली. काकांनी वही शेजारी उघडून ठेवली होती, पान कोरं राहिलं.

पण पीडीएफला बॅकअप नाही असं एक रात्रही ठेवायचं नाहीये. नुसता टाइमझोन बदलून तीच स्क्रिप्ट परत ठेवली असती तरी त्रास गेला असता, पहाटे कोण बघतंय. मला ते मंजूर नाही. एकतर पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात, जीझिपने ३८ चे ३७ होतात, आणि दुसरं, त्याच डिस्कवर त्याच फायलींची दुसरी प्रत याला बॅकअप म्हणता येत नाही, डिस्क गेली की दोन्ही गेलं. त्यातली काही नियतकालिकं अशी आहेत की आपल्याकडचा कागद आता हातात तुटतो.

म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला २ टीबीची बाहेरची डिस्क जोडली, तिथून 'आरसिंक' ने ओढून घ्यायचं. आरसिंक फक्त नवीन किंवा बदललेल्या फायली आणतं. पहिली खेप संध्याकाळी सातला लावली, वाचनालय बंद झाल्यावरही कॉम्प्युटर चालू ठेवला, सव्वानऊला संपली. इथून पुढे रोज संध्याकाळी मिनिटभराचं काम.

१९ जून, गुरुवार

सकाळी सातला, कुणी नसताना, 'टाइमडेटसीटीएल' ने टाइमझोन एशिया/कोलकाता. याने घड्याळ पुढे-मागे होत नाही, फक्त वेळ कशी वाचायची ते बदलतं. पण आधीपासून चालू असलेल्या सर्व्हिसना हे आपोआप कळत नाही. क्रॉन रीस्टार्ट केलं नाही तर ते जुन्याच हिशोबाने ११:५५ ला चालत राहील. क्रॉन, आरसिसलॉग (सिस्टीमच्या नोंदी लिहिणारी सर्व्हिस), एटॉप, मारियाडीबी आणि मग कोहाच्या सर्व्हिस, या क्रमाने सगळं रीस्टार्ट. एटॉपच्या जुन्या फायलीही आता आपल्या वेळेत उघडतात.

आणि पुढे इथे काम करणाऱ्यासाठी: 'क्रॉन डेली' मध्ये स्क्रिप्ट ठेवताना नावात टिंब नको. शेवटी '.एसएच' असलं की ती कधीच चालत नाही आणि एररही येत नाही.

जुने दोन टारचे गठ्ठे आरसिंकची प्रत तपासून मग पुसले. डिस्क ८१ वरून ३५ टक्क्यांवर आली.

२२ जून, रविवार

बैठकीला मॅडमनी सोमवारचा फोटो दाखवला. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, बंदच्या दिवशी मशीन एवढं कसलं काम करत होतं? बॅकअपचं, असं सांगून त्यांना मागच्या खोलीत नेऊन बाहेरची डिस्क दाखवली. ८ जीबीचा विषय मागे घेतला. त्याऐवजी अजून एक डिस्क घ्यायचं ठरलं, दर महिन्याला अदलाबदल करून एक दुसऱ्या ठिकाणी ठेवायची.

३० जून, सोमवार

'एटॉपसार' ने (एटॉपच्या फायलींमधून तक्ते काढणारी कमांड) पंधरवड्याच्या फायली चाळल्या, त्यातला '-डी' म्हणजे डिस्कचा तक्ता. १९ तारखेनंतर दिवसभरात डिस्क १५ टक्क्यांच्या वर गेली ती फक्त सकाळी ६:२५ ते ६:२८. दुपारी बाराला ४ ते ६. एटॉपची दिवसाची फाइल ४० एमबीच्या आसपास, १४ दिवसांचे साडेपाचशे एमबी, परवडतं. स्वतः एटॉप किती खातं तेही बघितलं, सीपीयू १ टक्क्याच्या आत.

स्वॅप (रॅममधली पानं ठेवायची डिस्कवरची जागा) ३०० एमबी वापरलेला दिसतो, पण 'पीएजी' च्या ओळीत आत-बाहेर शून्य. कधीकाळी बाहेर टाकलेली पानं कुणी परत मागत नाहीये, म्हणून हात लावला नाही.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी. आज सोमवार, वाचनालय बंद, म्हणून काकांनी सुट्टीच्या दिवशी वेळ काढला, त्यांना एचटॉप शिकवलं. त्यांच्यासाठी वेगळं लॉगिन केलंय, फक्त बघण्यापुरतं. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं: लोड २ च्या खाली ठीक, ४ च्या वर पाच मिनिटं राहिला तर वेळ लिहायची आणि फोन करायचा, 'एस' च्या रकान्यात डी दिसले तर किती ते मोजायचं. मग त्यांनीच विचारलं, "आणि तुम्ही फोन उचलला नाहीत तर?" म्हणून एटॉपमध्ये मागे कसं जायचं तेही दाखवलं, बी आणि टी. १४ जूनची फाइल एव्हाना पुसली गेलीये, पण १६ ची मी बाजूला काढून ठेवली होती, तीच उघडून त्यांना १२ वाजेपर्यंत नेलं आणि लाल ओळ दाखवली.

राहिलेलं काम: दुसरी डिस्क आली की आरसिंकची तिच्यावर पहिली खेप, आणि एक पीडीएफ त्या प्रतीतून उघडून शेवटच्या पानापर्यंत बघणं.